भरतीचं कार्ड

दाभोळ,
१७ ऑगस्ट १९६५

ती. आक्कास,
ज्ञानूचा नमस्कार.

पोचलो. हा कुंभार्लीच्या घाटातूनच परत फिरेल अशी दाजींशी पैज लावली होतीस ना? हरलीस.

नारळी पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले. बाहेर समुद्र अजून फुगलेला आहे, पण आमचं काम समुद्रात नाहीच, दाभोळच्या खाडीत आहे. आता खाडी तुला कशी समजावू? आपली कृष्णा येते आणि पुढे जाते. ही जाते आणि पुन्हा माघारी येते. तोंडाशी इतकी रुंद की पलीकडचा माणूस आहे की खांब, कळत नाही. आत शिरलं की दोन्ही बाजूंनी हिरवे डोंगर उतरलेले आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक खोबणीत पाणी घुसलेलं. एका वळणाआड फाटा, त्याच्या पोटात दुसरा फाटा. बाहेर वारा कान फाडतो आणि आत पाणी परातीत ओतल्यासारखं निवांत. काल एका दिवसात असे सात फाटे पाहिले. आठवा दिसला तेव्हा अंधार पडत होता म्हणून माघारी आलो, नाहीतर मी आलो नसतो.

नोकरी अशी, की शिडाच्या होडीतून फिरायचं, दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडायचा आणि तळ लागला की किती वाव खोल ते वहीत लिहायचं. दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव. दाजी म्हणतील, याला पगारसुद्धा देतात? देतात.

होडी हमजा तांडेलांची आहे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. साठीचे आहेत, बोलतात कमी, हसतात त्याहून कमी. आणि एक गंमत सांगतो. इथे उठता-बसता भरती. जेवायचं भरती बघून, बाजाराला जायचं भरती बघून, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा भरती बघून निघतं. दिवसातून दोनदा पाणी चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. शाळेत वाचलं होतं, पण आपल्या कडेगावात भरती म्हणजे एकच, पलटणीतली. आणि आपल्या घरात तर गुंडादादा गेल्यापासून तीन वर्षं तो शब्द कुणी काढत नाही. पहिल्या सकाळी तांडेल म्हणाले, "चला बाबू, भरती लागली," आणि मी विचारलं, "कुणाची?"

इथे किती दिवस मन टिकतं ते बघायचं.

तुझा,
ज्ञानू


माधवनगर,
२४ ऑगस्ट १९६५

चि. ज्ञानूस अनेक आशीर्वाद.

पैज हरले ते कबूल. पण तू जिंकलास असंही म्हणणार नाही. साखर कारखान्यात जागा मिळत होती, ती नको. सांगलीच्या कचेरीत तीन महिने. इथल्या गिरणीत यांनी शब्द टाकला, तिथे तू अकरा दिवस राहिलास आणि म्हणालास की मागांचा आवाज सहन होत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी तुला कडेवर घेऊन फिरायची. थांबले की रडायचास. आता कडेवरून उतरलास, फिरणं काही सुटलं नाही.

रविवारी कडेगावला जाऊन आले. आबा बरे आहेत. उसाला पाणी देणं, पारावर पेपर ऐकणं आणि दुपारी गुंडाची ट्रंक पुसणं. ती उघडत नाहीत, नुसती पुसतात. तुझं नाव निघालं तर म्हणाले, "पाण्यात काम करतोय म्हनं. करंना. पानी काय गोळी घालत न्हाई."

आता कान इकडे कर. तू आबांना कार्ड लिहितोस. ते कार्ड आधी पोस्टमन कोंडीबा वाचतो, मग पार वाचतो आणि मग ते आबांना मिळतं. तेव्हा तुझी ती पाण्याची भरती मला पाकिटातून काय लिहायची ती लिही, कार्डावर नको. पाणी चढलं असं लिहावं. चीनच्या लढाईत गुंडा नेफात बेपत्ता झाल्याची तार आली, त्यानंतर आठच दिवसांत आबांनी तुला औंधला नेऊन यमाईच्या पायऱ्या चढवल्या होत्या आणि भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की पलटणीचं नाव काढणार नाही. तू ठेवलास हात, पण तुझं तोंड कसं झालं होतं ते मी पाहिलं होतं. म्हणून सांगते.

मगरी असतात म्हणे तिकडे. होडीबाहेर पाय सोडून बसू नकोस.

तुझी,
आक्का


दाभोळ,
५ सप्टेंबर १९६५

ती. आक्कास नमस्कार.

मगरी आहेत. चिखलावर पडलेल्या असतात, ओंडक्यासारख्या. आमची चाहूल लागली की पाण्यात सरकतात आणि मग कुठे आहेत ते कळत नाही. दिसते तोवर तिची भीती वाटत नाही, दिसेनाशी झाली की वाटते.

परवा आम्ही एका अरुंद फाट्यात शिरलो. दोन्हीकडून तिवरांचं रान, मुळ्या पाण्याबाहेर आलेल्या, वरती बगळ्यांची वस्ती. इतकं सुंदर की मी म्हटलं अजून आत, अजून आत. तांडेल म्हणाले, ओहोटी लागली तर अडकू. मी ऐकलं नाही. अडकलो. पाणी बघता बघता गेलं आणि होडी चिखलात कलती बसली. सहा तास! हमजा तांडेल डोक्याखाली दोरीचं वेटोळं घेऊन झोपले. मी होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. शेवटी ते डोळे न उघडता म्हणाले, "बाबू, येरझाऱ्या घातल्यानं पाणी लवकर येत नाय."

मला बसवतच नाही आक्का. दाभोळच्या दुकानात रेडिओ आहे. तिकडे छांबला लढाई पेटली आहे. किनाऱ्यावर रात्री दिवे लावायला बंदी झाली आहे. माझ्याबरोबर शाळेत असलेली निम्मी पोरं तिकडे आहेत आणि मी इथे पाण्याची खोली मोजतो. वर्गातल्या बिराप्पाचं पत्र आलं, तो पलटणीत नाव द्यायला बेळगावला जाणार आहे, अकरा ऑक्टोबरला. जाऊ दे, त्याचं तो बघेल.

नवव्या तारखेपासून आम्ही वरच्या अंगाला, थेट गोवळकोटपर्यंत मोजणी करत जाणार. तिकडून पत्र टाकता येईलच असं नाही.

ज्ञानू


(कार्ड)
दाभोळ, ८ सप्टेंबर १९६५

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.
मी खुशाल आहे. उद्या सकाळी दहाला भरती आहे. निघतो. दहा-बारा दिवस पत्र येणार नाही. काळजी नसावी. तब्येत जपावी.
आपला,
ज्ञानू


माधवनगर,
१५ सप्टेंबर १९६५

ज्ञानू,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी तुझ्या कार्डाने काय केलं ते वाच.

शनिवारी कोंडीबाने ते पारावर वाचलं. "उद्या सकाळी दहाला भरती आहे. निघतो." एवढं वाचून त्याने सायकल आपल्या दारी पळवली. सध्या गावात दर आठवड्याला कुणी ना कुणी पलटणीत निघालंय, त्यामुळे दुसरा अर्थ कुणाच्या मनात येणार? आबांच्या हातात कार्ड पडायच्या आत दारात वीस माणसं. शेजारची हरणाबाई आरतीचं ताट घेऊन आली, ओवाळायला तू नाहीस म्हणून तिने आबांनाच ओवाळलं. सरपंच आप्पासाहेबांनी नारळ दिला आणि म्हणाले, एक गेला तरी दुसरा दिला, याला म्हणतात घराणं. आबांनी नारळ घेतला. कार्ड वाचलं. हे सगळं मला नंतर हरणाबाईनेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते साताऱ्याला गेले. तिथे भरतीच्या मैदानावर रांगेतल्या एकेका पोराचं तोंड बघत दोन दिवस हिंडले. पहाऱ्यावरच्या जवानाने हटकलं तर म्हणाले, "म्या पलटणीतला पेन्शनी हवालदार हाय. माजं पोरगं हुडकतोय." तिथे नाही म्हटल्यावर मंगळवारी माझ्या दारात येऊन बसले. पाय सुजलेले. पाणी दिलं तर प्यायले नाहीत, कार्ड पुढे केलं.

मी वाचलं आणि मला आधी हसू आलं. मग त्यांचं तोंड बघितलं आणि हसू जिरलं. म्हटलं, आबा, ही समुद्राची भरती, पाणी चढतं ती. तर मलाच म्हणाले, "समुद्राला कसली आलीया भरती? त्यो मुळातच भरलेला अस्तोय. तुमी दोगं मिळून म्हाताऱ्याला फशिवताय." तुझी आधीची पत्रं वाचून दाखवली. ऐकून घेतली, पण विश्वास नाही. रात्रभर माजघरात बसून होते. आज सकाळी कराडच्या गाडीत बसले, तिथून चिपळूणची धरणार. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तू ऱ्हा. त्यो तिकडं नसला तर मला एकट्यालाच बगू दे." ज्ञानू, यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाच.

आता मला एक सांग. भरती हा शब्द कार्डावर लिहू नकोस म्हणून मी तुला स्पष्ट लिहिलं होतं. लहानपणी मी तुला एकदा सांगितलेली गोष्ट तू कधी विसरला नाहीस. बिराप्पाची तारीख तर तुला पाठच आहे. मग या वेळी विसरलास, की मुद्दाम लिहिलंस? खोटं बोलू नकोस, मी ओळखते तुला.

आक्का


गोवळकोट,
२४ सप्टेंबर १९६५

ती. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र मला काल मिळालं. आबा त्याच्या आधी मिळाले.

घाटात दरड कोसळल्यामुळे चार दिवस कराडला अडकून सोमवारी ते गोवळकोटच्या धक्क्यावर आले आणि दाभोळला नेणारी होडी विचारू लागले. होडीवाला म्हणाला, बाबा, आता भरतीची वेळ झाली, भरती थांबली की बघू. आबा संतापले. लढाई चाललीया आणि भरती थांबंल व्हय, म्हणाले. होडीवाल्याला वाटलं म्हातारबांना ऊन लागलं. त्याने त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं. हे मला सगळं तिथल्या लोकांनी नंतर हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

आबा तिथे बसून राहिले. दुपारी समोर नुसता चिखल होता, होड्या कलत्या पडलेल्या. मग त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी उलटं चढायला लागलं. समुद्राच्या बाजूने, नदीच्या उरावरून. आणि संध्याकाळी त्याच पाण्याबरोबर आमची होडी वर आली. वळण घेताना मला धक्क्यावर एक फेटा दिसला. इकडे फेटे दिसत नाहीत. हमजा तांडेल म्हणाले, "ते तुमचं माणूस असेल." मी म्हटलं, शक्य नाही. तेच होते.

मला बघून ते उठले नाहीत. "हीच व्हय रं तुजी भरती?" म्हणाले. मी हो म्हणालो. "मंग बरं हाय," म्हणाले आणि रडायला लागले. आक्का, तार आली त्या दिवशीही ते रडले नव्हते. मी नुसता उभा राहिलो. मला त्यांच्या पायांवर पडायला हवं होतं, तेवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना होडीत घेतलं. होडीत कधी पाय न ठेवलेला माणूस, पण ताठ बसले. फाटे, बगळे, डोंगर सगळं बघितलं. मगर दाखवली तर म्हणाले, हिला घरदार हाय का. मी दोरी सोडली, तळ लागला, साडेतीन वाव म्हणून लिहायला घेतलं, तर माझा हात धरला. "नीट बग. अर्धा हिकडं-तिकडं चालत न्हाई."

मग जे बोलले ते तसंच्या तसं लिहितो. तांडेल पाठमोरे बसून शीड सांभाळत होते, ऐकत होते की नाही माहीत नाही.

"गुंडा पयल्यांदा नापास झाला हुता. छाती अर्धा इंच कमी पडली. त्यो हसत घरी आला, म्हनला आबा, सुटलो. त्याला जायाचंच नव्हतं रं. मला लाज वाटली, हवालदाराचं पोर नापास. दोन म्हैनं त्याला रोज हिरीत पवायला लावला, दूध पाजलं, अर्धा इंच भरून काढला आन् म्याच परत न्हेला. यमानं सोडल्यालं पोर म्या हातानं दिलं."

आपल्याला हे कधीच माहीत नव्हतं. मी समजत होतो दादा हौसेने गेला. त्याच्या हौसेचा मला हेवा वाटायचा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी विसरलो नव्हतो. बिराप्पाने बेळगावचा फॉर्म पाठवला होता, तो पंधरा-वीस दिवस माझ्या मोजणीच्या वहीत होता, भरलेला, सहीसकट. कार्ड लिहायला बसलो तेव्हा तुझं पत्र शेजारी होतं. पाणी चढलं असं लिहायला गेलो आणि हात भरतीकडे वळला. मला बघायचं होतं आबा काय करतात. रागावले तर शपथ मोडायला निमित्त होईल, गप्प बसले तर परवानगी समजेन. आणि काही झालंच तर म्हणेन, अहो, मी तर पाण्याबद्दल लिहिलं होतं. असा भेकड हिशेब. ते साताऱ्याच्या रांगेत पोरांची तोंडं बघत हिंडतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझी लाज वाटते.

हे मी आबांना होडीतच सांगितलं आणि फॉर्म दिला. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला. फाडला नाही. फाडला असता तर बरं झालं असतं. मग तांडेलांना विचारत बसले, भरती कशी येते, ओहोटी किती वेळाने. दोघे म्हातारे दुपारभर बोलत होते. बुधवारी त्यांना चिपळूणच्या गाडीत बसवून दिलं.

लढाई थांबली असं काल रेडिओवर सांगितलं. माझं थांबलेलं नाही. रात्री फॉर्म उशाला असतो. अकरा तारखेला सतरा दिवस आहेत.

ज्ञानू


(कार्ड)
कडेगाव, ३ ऑक्टोबर १९६५

चि. ज्ञानूस आबाचा आशीर्वाद.
घरी पोचलो. ऊस बरा हाय. हे कार्ड कोंडीबा वाचनार, पारावर बी वाचत्याल. वाचू द्यात, म्हनूनच कार्ड टाकलं.
गुंडाला म्याच धाडला, ही गोष्ट गावाला सांगितली. आप्पासाहेबांचा नारळ माघारी दिला. काल औंधला जाऊन तुजी शपथ सोडवून आलो. ती यमाईची नव्हती, माज्या भ्याची हुती. एकाला ढकाललं आन् एकाला बांदलं, दोनी माजंच. आता तू मोकळा हायस. बेळगावची तारीख मला ठावं हाय.
तुजा तांडेल म्हनला, भरती आली का मागनं ओहोटी येतीच, चुकत न्हाई. गुंडाच्या भरतीला ओहोटी आली न्हाई. तू कंच्या बी भरतीला जा, पर ओहोटीला घरी ये.
आबा


(कार्ड)
दाभोळ, १२ ऑक्टोबर १९६५

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.
कार्ड पोचलं. हमजा तांडेलांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.
काल बेळगावची तारीख होती. बिराप्पा एकटा गेला. बांधलेला होतो तोवर मी दोरी ओढत होतो. तुम्ही ती सोडलीत आणि कळलं की मला तिथे जायचं नव्हतं, नुसतं सुटायचं होतं. सकाळभर खाडीत मोजणी केली. मन अजून एका जागी बसत नाही. हे काम संपलं की पुढच्या खाडीचं मागणार आहे.
दिवाळीच्या अवसेला इथे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. त्या ओहोटीला निघतो. आक्काला भाऊबीजेला बोलावून ठेवावं.
कोंडीबा, हे आबांना मोठ्याने वाचून दाखव.
आपला,
ज्ञानू